एमा बोव्हारीचं सुख कोणत्या काळात राहतं?

‘मादाम बोव्हारी’ची गोष्ट सांगायला चार ओळी पुरतात. शेतकऱ्याची मुलगी एमा कॉन्व्हेंटमध्ये चोरून प्रेमकादंबऱ्या वाचते, शार्ल नावाच्या साध्याभोळ्या गावडॉक्टरशी लग्न करते, कंटाळते, दोन प्रियकर करते, कर्जात बुडते आणि विष खाते. एवढ्यासाठी फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेरनं १८५१ ते १८५६ अशी जवळजवळ पाच वर्षं घालवली, रोज वाक्यं मोठमोठ्यानं ओरडून पारखत. मेहनत गोष्टीवर नव्हती, वाक्यांवर होती. एमाला सुख का मिळत नाही, याची कारणं कथानकात भरपूर सापडतात. पण कथानक पुढे सरकण्याआधीच तिचं सुख हातचं गेलेलं असतं, आणि ते घालवण्याचं काम क्रियापदं करतात.

ते कसं, हे समजायला थोडं व्याकरण लागेल. फ्रेंच कथनात मुख्यतः दोन भूतकाळ वापरतात. एक घडून गेलेल्या गोष्टीचा: ‘तिनं पत्र लिहिलं’, काम संपलं. दुसरा न संपलेल्या गोष्टीचा: ‘ती पत्र लिहीत होती’, ‘लिहीत असे’, ‘लिही’. मराठीत यांची रूपं वेगळी आहेत, फ्रेंचमध्ये तिन्हींना एकच रूप चालतं. इतर कादंबरीकार हा दुसरा काळ बहुतेक वेळा पार्श्वभूमीसाठी राखून ठेवत. फ्लोबेरनं त्यातच माणसांचं आयुष्य लिहिलं. शार्ल रात्री उशिरा येई, जेवी, दिवसभरात कोण कोण भेटलं ते सांगे, आडवा होई, घोरू लागे. ही एक रात्र की शंभर, वाचकाला कळत नाही. एमालाही कळेनासं होतं.

आता खरी कारागिरी पाहू. दुसऱ्या भागाच्या बाराव्या प्रकरणात एमानं प्रियकर रोदोल्फबरोबर पळून जायचं ठरवलं आहे. रात्री शार्ल घरी येतो. पाळण्यात मुलगी, पलंगावर एमा. ती झोपलीय असं त्याला वाटतं, पण तिनं नुसते डोळे मिटलेत. शार्लच्या मनात मुलीचं भविष्य चालू होतं: ती मोठी होईल, शाळेत जाईल, आपल्यासाठी भरतकामाच्या सपाता करेल. त्याच अंथरुणात, हातभर अंतरावर, एमा चार घोड्यांच्या गाडीतून आठवडाभर दौडत निघालेली असते. हा प्रवास फ्लोबेर ‘निघाले असते’ अशा भाषेत सुरू करत नाही. तो वापरतो तोच न संपणारा भूतकाळ, ज्यात शार्ल जेवत नि घोरत असे. त्यामुळे स्वप्न आणि कंटाळा व्याकरणानं सख्खे भाऊ ठरतात. मग कोळ्यांचं गाव येतं आणि क्रियापद बदलतं. तिथे ते राहणार असतात, समुद्राकाठच्या बसक्या घरात, रेशमी कपड्यांत. गाडीतून उतरून घरात शिरायची वेळ आली, तेव्हाच भाषा ‘होतं’वरून ‘होणार’वर सरकते.

पुढची खोच आणखी बारीक आहे. त्या भव्य भविष्यात खास असं काहीच घडत नाही. सगळे दिवस सुंदर आणि सगळे सारखे. म्हणजे जिच्यापासून पळायचं ती एकसुरी दिनचर्या सुखाच्या गावीही आधीच पोचलेली आहे. तेवढ्यात मुलगी खोकते किंवा नवरा आणखी जोरात घोरतो. ‘किंवा’ महत्त्वाचं, कारण तेही रोजचंच. पहाटे खिडकी उजळून समोरच्या औषधाच्या दुकानाची दारं उघडेपर्यंत एमाला झोप येत नाही.

एकदा मात्र सुख खरोखर घडतं: पहिल्या भागात, सरदाराच्या हवेलीतल्या नाचाच्या रात्री. पण घडून गेल्याबरोबर फ्लोबेर त्याची आठवण करून टाकतो. दर बुधवारी एमा दिवस मोजते, तपशील पुसत जातात, हुरहूर तेवढी राहते. मला हे प्रकरण कादंबरीतलं सर्वांत क्रूर वाटतं. तिला काहीच मिळालं नसतं, तर निदान मोजायला काही उरलं नसतं.

हे सगळं सांगतंय कोण, हा प्रश्न उरतोच. ‘तिला वाटलं’ हे दोन शब्द फ्लोबेर वारंवार गाळतो. एमाच्या मनातलं वाक्य निवेदकाच्या तोंडी येतं आणि ते तिचं की लेखकाचं, याचा ठाव लागत नाही. त्यामुळे तिच्या पुस्तकी कल्पनांवर आपण हसतो आणि त्यांत ओढलेही जातो. नियतकालिकात क्रमशः छापून झाल्यावर जानेवारी १८५७ मध्ये या कादंबरीवर नीतिमत्तेच्या मुद्द्यावरून खटला भरला गेला. सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांची एक तक्रार अशी होती, की या बाईला दोषी ठरवू शकेल असं पुस्तकात कुणीच नाही. ७ फेब्रुवारीला फ्लोबेर सुटला, कोर्टाचे चार शब्द ऐकून. पिनार यांची मागणी टिकली नाही, पण कादंबरी त्यांनी नीट वाचली होती.