हरलो, तर ओपनिंग बदलायची का?

शालेय स्पर्धेत मूल लागोपाठ दोन-तीन डाव हरले की पालक प्रशिक्षकांना हमखास विचारतात, "सर, ओपनिंग बदलायची का?" मोठेपणी बुद्धिबळ शिकणारेही हाच प्रश्न स्वतःला विचारतात. डाव गेला म्हणजे सुरुवातच चुकीची निवडली, अशी समजूत त्यामागे असते. नवशिक्यांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा खोटी ठरते. तिच्यापायी मुले पाच ओपनिंग अर्धवट शिकतात आणि एकही धड खेळू शकत नाहीत, याचे वाईट वाटते.

इटालियन ओपनिंगच पाहा. दोन्ही राजांपुढची प्यादी दोन-दोन घरे सरकतात, दोन्हीकडून एकेक घोडा निघतो आणि पांढऱ्याचा उंट सी४ वर येतो. काळा दुसरा घोडा एफ६ वर काढतो. पांढऱ्याचा घोडा लगेच जी५ वर येतो. तो आणि उंट मिळून एफ७ च्या प्याद्यावर नेम धरतात. काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते प्यादे मारतो. इथे नवशिका घोड्याने उलट मारतो, कारण ते अगदी स्वाभाविक वाटते. मग पांढऱ्याचा घोडा एफ७ वर पडतो आणि वजीर व हत्ती दोघांवर हल्ला करतो. राजाने तो मारला की वजीर एफ३ वरून शह देतो. डी५ चा घोडा वाचवायचा तर काळ्या राजाला ई६ वर, ऐन रणधुमाळीत यावे लागते.

असे दोनदा झाले की मूल ठरवते, आता फ्रेंच बचाव शिकायचा. खरे तर बदलायची होती एकच खेळी. घोड्याने प्यादे मारण्याऐवजी दुसरा घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करायचा. एक प्यादे जाते, पण काळ्याचे मोहरे भराभर बाहेर येतात. उस्ताद खेळाडू कित्येक पिढ्या हाच मार्ग खेळत आले आहेत. फ्रेंचमध्ये गेल्यावर दुखणे संपत नाही. तिथे सी८ चा उंट आपल्याच ई६ च्या प्याद्यामागे कोंडतो आणि त्याला मोकळे कसे करायचे, हे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

आणि हे झाले खरोखर ओपनिंगमध्ये गेलेल्या डावांचे. नवशिक्यांचे बहुतेक डाव तिथे जातच नाहीत. विसाव्या-पंचविसाव्या खेळीला घोडा फुकट जातो, दुहेरी हल्ला दिसत नाही, किंवा जिंकलेला हत्तीचा अंतिम डाव बरोबरीत सुटतो. मीर सुलतान खान देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले होते. त्यात प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाण्याची मुभाच नव्हती. युरोपीय ओपनिंगचे त्यांचे ज्ञान तुटपुंजे होते. तरी १९२९ मध्ये त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. मधल्या आणि अंतिम डावातली त्यांची ताकद विलक्षण होती. २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला, त्या चौदाव्या डावाचा निकालही ५५व्या खेळीला, डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर नेला तेव्हा लागला.

"मोठे खेळाडू सारखी ओपनिंग बदलतात, मग आपण का नाही?" हा दुसरा युक्तिवाद. बॉबी फिशर जवळजवळ नेहमी राजाच्या प्याद्याने सुरुवात करायचा. १९७२ मध्ये रेक्याविकला स्पास्कीविरुद्धच्या सहाव्या डावात त्याने सी४ खेळले, डाव वजीराच्या गँबिटमध्ये नेला आणि जिंकला. स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. पण स्पास्कीची तयारी चुकवणे हा त्या बदलाचा हेतू होता. दहा वर्षांच्या मुलासमोर बसलेल्या दुसऱ्या दहा वर्षांच्या मुलाने अशी तयारी केलेलीच नसते.

याच्या उलट टोकाला लंडन पद्धतीचे भक्त असतात. डी४, उंट एफ४, ई३, सी३. समोरचा काहीही खेळो, मांडणी तीच. लंडन चांगलीच आहे, पण न बघता खेळली तर काळा सी५ आणि वजीर बी६ खेळून बी२ चे प्यादे धरतो, कारण त्याचा राखणदार उंट तर निघून गेलेला असतो.

मग बदल करावा कधी? दुसऱ्याच खेळीला वजीर एच५ वर आणून चार खेळींत मात करण्याची सवय असेल, तर आजच. समोरच्याला बचाव आला की तो वजीर नुसता पळत राहतो आणि त्याला हुसकावता हुसकावता काळ्याचे मोहरे बाहेर येतात. एरवी आधी हरलेले दहा डाव मांडून, कोणत्या खेळीला डाव फिरला ते प्रत्येकावर लिहावे. बहुतेक डावांत पहिल्या दहा खेळींतच खिंडार पडत असेल आणि दुरुस्ती शिकूनही ते बुजत नसेल, तर ओपनिंग बदलण्यास माझी हरकत नाही.

दुसरे योग्य कारण कुतूहलाचे. ई४ चे डाव अंगवळणी पडले की डी४ खेळून पाहावे. तिथे वजीरापुढचे प्यादे अनेकदा एकटे पडते; त्याच्या आधाराने हल्ला कसा करायचा आणि मोहरे कमी झाल्यावर तेच प्यादे ओझे कसे होते, हे ई४ च्या डावांत इतक्या वेळा भेटत नाही. मात्र एका वेळी एकाच रंगाची ओपनिंग बदलावी, आणि नवी ओपनिंग स्पर्धेआधी सरावाच्या वीस-तीस डावांत खेळून घ्यावी.