घासाघीस कशाची करायची?

वाद्यांच्या बाजारात : लेखांक ६

क्रेमोनाचा कापड व्यापारी पाओलो स्ट्रॅडिव्हारी याने १७७६ साली वडिलांच्या कार्यशाळेतले साचे आणि आराखडे विकायला काढले. वडील अंतोनिओ जाऊन तेव्हा जवळपास चाळीस वर्षं झाली होती. गिऱ्हाईक होता एकवीस वर्षांचा काउंट कोझिओ दी सालाबुए. आदल्या वर्षी त्याने पाओलोकडची शिल्लक व्हायोलिनं घेतली होती, आता त्याला साचेही हवे होते. पाओलोने २८ जिल्याती, म्हणजे तेवढ्या सोन्याच्या मोहरा मागितल्या. काउंटने मध्यस्थामार्फत ५ देऊ केल्या. हे फारच कमी होतंय, असं पाओलोने कळवलं. तरी ६ द्या आणि घेऊन जा, पैसे मात्र लगेच चुकते करा. वडिलांची एकही वस्तू क्रेमोनात राहू नये, ही आपली इच्छाही त्याने पत्रात लिहून टाकली. विकणाऱ्याने आपली निकड अशी उघड केल्यावर भाव गिऱ्हाइकाच्याच हातात जाणार होता. ते साचे आज क्रेमोनाच्या व्हायोलिन संग्रहालयात आहेत.

एवढी ओढाताण झाली, पण वस्तू खरी आहे का, हा प्रश्न दोघांपैकी कोणालाही पडला नाही. मुलगा बापाचे साचे विकत होता. भावाखेरीज बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आपण दुकानात जातो तेव्हा परिस्थिती अगदी वेगळी असते. समोरचा माणूस एका दमात दोन गोष्टी सांगतो: हे व्हायोलिन कुठलं, कोणी केलेलं, आणि त्याची किंमत किती. आपण दुसरी गोष्ट धरून बसतो. पंधरा टक्के सुटले की समाधानाने घरी येतो. पहिली गोष्ट मात्र आपण जशीच्या तशी मान्य केलेली असते, आणि व्हायोलिनच्या खरेदीत मोठे पैसे जातात ते तिथेच.

मागच्या लेखात लाकूड, वॉर्निश आणि जोडणी कशी पाहायची ते आलं आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. आज फक्त व्यवहाराचं बोलू.

व्हायोलिनची किंमत आवाजावर ठरत नाही, हे सुरुवातीलाच पक्कं करायला हवं. ती ठरते कारागिराच्या नावावर, गावावर, काळावर आणि वाद्याच्या प्रकृतीवर. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथे २०१० साली २१ कसलेल्या वादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे चढवून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. बहुतेकांना नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे ओळखता आलं नाही, आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हारी. शिकणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली बातमी नाही. तुमच्या कानाला भावणारा आवाज स्वस्त वाद्यातही सापडू शकतो. मात्र 'याचा आवाज बघा किती गोड' हे वाक्य ज्या किमतीच्या समर्थनाला येतं, ती किंमत बहुधा आवाजाची नसते. आवाज आवडला तर मनात ठेवा, तोंडाने विचारा नावाबद्दल.

नावाबद्दल विचारलं की बऱ्याचदा आतली चिठ्ठी दाखवली जाते. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवलं गेलं, तिथले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले, त्यामुळे आपल्याकडे जुनी युरोपी व्हायोलिनं अजूनही घराघरांतून बाहेर येतात. आत डोकावलं की 'अंतोनिउस स्ट्रॅडिव्हारिउस' असं छापलेलं दिसतं आणि घरातल्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. जर्मनीतलं मार्कनॉयकिर्शेन, फ्रान्समधलं मिरकूर अशा गावांतून एकोणिसाव्या शतकात अशी चिठ्ठी लावलेली वाद्यं गाड्या भरभरून बाहेर पडली. ती फसवणुकीसाठीच लावलेली असे असंही नाही. कोणाच्या घाटावर वाद्य बेतलंय, एवढंच ती सांगायची. चिठ्ठीवर देशाचं नाव छापलेलं असेल तर ती बहुतेक १८९१ नंतरची, कारण आयात मालावर देशाचं नाव हवं असा अमेरिकेचा कायदा तेव्हा लागू झाला. यांतली काही वाद्यं उत्तम वाजतात आणि घ्यावीत. घेताना भाव मात्र मार्कनॉयकिर्शेनचा द्यावा.

मग दाखला येतो. इथे दोन कागद वेगळे ओळखायला हवेत. एक, वाद्य कोणाचं आहे हे सांगणारा; दुसरा, किंमत सांगणारा. दुसरा पुष्कळदा विम्यासाठी केलेला असतो, आणि विम्याची किंमत बाजारभावापेक्षा चढी धरण्याची पद्धत आहे. ती दाखवून कोणी 'बघा, मूल्यांकनापेक्षा कितीतरी कमी घेतोय' म्हणालं तर तो युक्तिवाद मान्य करू नका. पहिल्या कागदावर सही कोणाची, हे पाहायचं. लंडनच्या हिल अँड सन्स या पेढीचे दाखले पेढी बंद झाल्यानंतरही मानले जातात, कारण त्या सहीमागे पिढ्यांची नजर होती. पण सही करणारा आणि विकणारा एकच असेल तर दुसऱ्या जाणकाराचं मत स्वतःच्या पैशाने घ्या. डीटमार माखोल्ड हा एके काळी जगातल्या बड्या व्हायोलिन व्यापाऱ्यांत गणला जाई. त्याने बँकेकडे तारण म्हणून ठेवलेली 'स्ट्रॅडिव्हारी' व्हायोलिनं मामुली किमतीची निघाली, आणि २०१२ मध्ये व्हिएन्नाच्या न्यायालयाने त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली. जिथे बँक त्या व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबली, तिथे आपण पन्नास हजारांसाठी आणखी एका माणसाला विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. चांगला व्यापारी तर स्वतःच 'दाखवून आणा' म्हणतो.

हे सगळं झाल्यावर भाव. तिथेही पहिला प्रश्न 'किती कमी कराल?' हा नसावा. 'हे दुकानाचं आहे की कोणी विकायला ठेवलंय?' असा असावा. दुकानाने स्वतः पैसे घालून घेतलेलं वाद्य वर्षानुवर्षं कपाटात पडून असेल तर त्यात अडकलेली रक्कम मोकळी व्हावी असं व्यापाऱ्यालाही वाटत असतं, त्यामुळे तिथे बोलायला जागा असते. दुसऱ्या कोणाचं असेल तर मालकाने खालचा आकडा बांधून दिलेला असतो, आणि दुकानदार जे काही सोडेल ते त्याच्या दलालीतून. अशा वेळी फार ताणण्यापेक्षा 'मालकाला माझा आकडा कळवा' म्हणावं आणि थांबावं. कोझिओने नेमकं हेच केलं होतं. कारखान्याच्या नव्या, आठ-दहा हजारांच्या वाद्यावर मात्र भाव फारसा हलत नाही आणि त्यात वेळ घालवू नये.

लिलावातल्या किमती हल्ली कोणालाही पाहता येतात आणि पाहाव्यात. पण त्या दुकानदाराच्या तोंडावर फेकू नयेत. लिलावात बोलीवर खरेदीदाराची दलाली चढते, दुरुस्ती आपल्या गळ्यात पडते, आणि घरी नेऊन आठवडाभर वाजवून परत करण्याची सोय नसते. दुकानाच्या जास्त किमतीत या गोष्टी असायला हव्यात. नसतील तर ती किंमत जास्तच आहे.

घासाघीस खरी करायची ती याच गोष्टींवर. आठवडाभर घरी नेण्याची मुभा मागा. पुढे मोठं वाद्य घेताना हे परत घेऊन पूर्ण किंमत वळती कराल का, हे विचारा. मुलं वाढतात, पाव आणि अर्ध्या मापाची वाद्यं दोन-तीन वर्षांत लहान पडतात, तेव्हा ही एक अट सुरुवातीच्या सवलतीपेक्षा अधिक वाचवते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी भाड्याने वाद्य घेताना भाड्यातला किती भाग खरेदीत वळता होतो ते आधीच ठरवून घ्यावं.

हिंदुस्थानी पद्धतीने बसून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजवणाऱ्यांना खांद्याची गादी लागत नाही. संचातली ती गादी परत करून त्या बदल्यात चांगल्या तारा मागाव्यात. वाद्य सा-पच्या जुळणीत, आपल्या पट्टीत लावूनच ऐकावं. पाश्चात्त्य जुळणीत खणखणीत वाटणारं वाद्य तारा उतरवल्यावर कधी कधी बसकं बोलतं. मग घोडी आणि साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या आतली उभी काडी, त्या जुळणीला बेतून देण्याचं काम किमतीतच धरायला सांगावं. आणि कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी पहिल्या पावसाळ्याचं बोलून ठेवावं. व्हायोलिन प्राण्यांच्या सरसाने जोडलेलं असतं, दमट हवेत कडेची शिवण सुटते, खुंट्या फुगून अडकतात. 'पहिल्या पावसाळ्यात शिवण सुटली तर फुकट चिकटवून द्याल' हे एक वाक्य पावतीवर लिहून घेतलं की पाच टक्के सुटल्यापेक्षा अधिक मिळवलंत.

खोड सापडली तर गप्प बसू नका. पाठीच्या फळीला साउंडपोस्टच्या जागी चीर असेल तर वाद्याची किंमत निम्म्यावर येऊ शकते, दुरुस्ती कितीही सफाईदार असो. डोकं मूळचं नसेल तरी किंमत बरीच उतरते. हे शांतपणे दाखवावं. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

शेवटचा मुद्दा अवघड आहे, तरी लिहितो. शिक्षक विद्यार्थ्याला एका दुकानात पाठवतात आणि दुकान त्यांना काही टक्के देतं, ही प्रथा जगभर आहे. ती उघड असेल तर प्रश्न नाही. लपवलेली असेल तर गैर आहे, कारण ते पैसे विद्यार्थ्याच्याच खिशातून जातात आणि त्याला मिळणारा सल्ला निर्भेळ राहत नाही. आपल्याकडे गुरूंना असं विचारणं अवघड जातं. म्हणून आधीच सांगावं: 'सर, तुम्ही माझ्याबरोबर वाद्य पाहायला या, तुमच्या वेळेचं मानधन मी देईन.' विचारण्याची वेळच येत नाही, आणि त्यांचं ज्ञान पूर्णपणे तुमच्या बाजूने उभं राहतं.

पावतीवर वाद्याचं वर्णन, देश, अंदाजे साल, दिसलेल्या दुरुस्त्या, परत घेण्याच्या अटी आणि गजाची वेगळी किंमत लिहून घ्या. दुकानदार तोंडाने सांगितलेलं लिहून द्यायला तयार नसेल, तर कितीही सवलत मिळाली तरी ते व्हायोलिन घेऊ नका. गजाचा बाजार स्वतंत्र आहे. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.