गावच्या जमिनीचे निर्णय आणि आपली जबाबदारी

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या वैभववाडी तालुक्यात, हेत गावाजवळ, अरुणा नदीवर मध्यम पाटबंधारे प्रकल्प उभारण्यात आला. शेतीला पाणी मिळावे हा त्यामागील उद्देश चांगलाच होता. परंतु २०१९ च्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू लागले, तेव्हा आखवणे-भोम येथील अनेक कुटुंबे अद्याप आपल्या जुन्या घरांतच राहत होती. पाणी चढत गेले तशी त्यांना ती घरे सोडावी लागली. आपल्यापैकी बहुतेकांचे धर्मग्राम मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी ह्या भागांत आहेत, तरीही हा प्रश्न आपल्याला परका नाही. रस्ता, धरण वा आरक्षण उद्या आपल्याही वाडीत येऊ शकते. म्हणून असे निर्णय कोठे होतात आणि त्यांत सामान्य माणसाला बोलण्याची संधी केव्हा मिळते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पहिली संधी ग्रामसभेत मिळते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरेशी असते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा व्हावी अशीही तरतूद आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुलाची यादी ग्रामसभेपुढेच तपासली जाते. गरजू विधवेचे नाव त्या यादीतून सुटले असेल, तर ते तेथेच सांगावे लागते. घरी बसून हळहळण्याने नाव यादीत येत नाही.

दुसरी संधी शहरी भागात मिळते. वाभवे-वैभववाडी येथे २०१५ साली नगरपंचायत आली. नगरपंचायत झाली की ग्रामसभा राहत नाही आणि जमिनीचा वापर विकास आराखड्याने ठरतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी ३० दिवस मिळतात. आपल्या जमिनीवर रस्ता, शाळा वा उद्यान ह्यांचे आरक्षण पडले आहे का, हे ह्याच मुदतीत पाहिले पाहिजे. आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते.

तिसरी संधी भूसंपादनाच्या वेळी येते. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांच्या आत हरकत घेता येते. पाटबंधारे प्रकल्पासाठी जमीन घेतली जात असेल, तर ती पाण्याखाली जाण्यापूर्वी ६ महिने पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. अरुणा प्रकल्पाचे काम ह्या कायद्याच्या आधीच सुरू झाले होते. तरीही आधी पुनर्वसन आणि मग पाणी, हा क्रम का आवश्यक आहे हे त्या पावसाळ्याने दाखवून दिले.

आपल्या कोकणात आणखी एक अडचण आहे. सातबारा आजोबांच्या नावावर असतो आणि वारस मुंबईला असतात. वारसनोंद झालेली नसेल तर नोटीस योग्य माणसापर्यंत पोहोचत नाही, मोबदल्याच्या वेळी भावंडांत वाद होतात आणि मुदत निघून जाते. म्हणून सुट्टीत गावी येणाऱ्यांनी तलाठी कार्यालयात एक फेरी अवश्य मारावी.

ह्या विषयाचा श्रद्धेशी काय संबंध, असे कोणी विचारील. राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथाची कथा आपण ऐकली आहे. वाडवडिलांचा द्राक्षमळा द्यायला त्याने नकार दिला, तेव्हा राजसत्तेने खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेतला. परमेश्वराने एलिया संदेष्ट्याला पाठविले ते त्या मळ्यातच, अहाब राजाला जाब विचारण्यासाठी. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात, प्रकल्पांचे निर्णय पारदर्शक असावेत आणि स्थानिक लोकांना त्यांत विशेष स्थान असावे, असे शिकविले.

ख्रिस्तसभा विकासाच्या विरोधात नाही. रस्ते, पाणी व घरे सर्वांनाच हवी आहेत. त्यांची किंमत केवळ दुर्बलांनी मोजू नये, एवढीच आपली मागणी आहे. त्यासाठी धर्मग्रामातील प्रत्येक वाडीतून एकाने तरी ग्रामसभेला जावे, तेथील सूचनाफलक वाचावा आणि हरकतीची मुदत मिस्सानंतर सर्वांना कळवावी. हरकत लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. ज्या शेजाऱ्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याचा अर्ज आपण लिहून द्यावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा पाळण्याचा हाही एक मार्ग आहे.