भयाची पातळी

पंचगंगेचें पाणी चढूं लागलें म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरील आकडा कोल्हापूरकर एकमेकांस विचारूं लागतात. ३९ फुटांस इशारा आणि ४३ फुटांस धोका, ही मोजणी येथें पोरासोरांसही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. जुलै २०२१ मध्यें महापूर पुन्हां आला. अशा पावसांत छाती धडधडणें, धान्य व कागदपत्रें माळ्यावर चढविणें, हा रोग नव्हे. तें शहाणपण होय.

परंतु समजा, आभाळ नुसतें भरून आलें आणि एखाद्या गृहिणीची झोप उडाली. नदी पात्रांत असतांनाही ती रात्रीं चार वेळां उठून उंबरा पाहूं लागली. मार्चच्या उन्हांतही पुराचेच विचार मनांत घोळूं लागले आणि त्यापायीं नित्याचे व्यवहार अडले. तर इशाऱ्याची खूणच खालीं घसरली, असें समजावें. यालाच चिंताविकार म्हणतात.

संकटाची चाहूल लागतांच शरीर पळण्यास वा झुंजण्यास सिद्ध होतें: हृदय वेगानें चालतें, श्वास जलद होतो, घाम फुटतो, पोटांत कालवतें. चिंताविकारांत ही सिद्धता संकटावांचूनच होते. कित्येकांस एकाएकीं भीतीचा झटका येतो. कांहीं मिनिटांत तो शिगेस पोंचतो आणि हृदय बंद पडतें आहे असें वाटतें. कित्येकांच्या मागें चिंता महिनेच्या महिने लागून राहते. मग माणूस बाजार, प्रवास, लग्नकार्यें टाळूं लागतो. टाळल्यानें क्षणभर सुटका वाटते, पण भय पक्कें होतें. कारण ज्यास भ्यालों तें घडलें नाहीं, हा अनुभवच मनास मिळत नाहीं.

२०१९ सालीं जगांतील ३० कोटींहून अधिक लोकांस हा विकार होता, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग त्यांत लाज ती कसली? ‘मन घट्ट कर’ हा उपदेश येथें तोकडा पडतो. छातींत प्रथमच दुखल्यास हृदयाची तपासणी आधीं करून घ्यावी. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ संभाषणाच्या उपचारानें रोग्यास टाळलेल्या गोष्टींसमोर पायरीपायरीनें नेतात. जरूर तर औषधेंही देतात. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य सल्ला मिळतो.

घरच्यांनीं तिच्या भयाची थट्टा करूं नये. तसेंच दर वेळीं तिच्याऐवजीं उठून उंबराही पाहूं नये. नदीची पातळी आपल्या हातीं नाहीं; इशाऱ्याची खूण मात्र पुन्हां जागेवर बसवितां येते.