मताचा हक्क

निवडणूक आली की आपल्या शाळेत मतदान होते आणि आपल्याला सुट्टी मिळते. पण मत कोणाला देता येते? मी गुरुजींना विचारले, ते येथे लिहीत आहे.

इंग्रजांच्या राज्यात सर्वांना मत नव्हते. ज्याच्याकडे जमीन आहे, जो कर भरतो किंवा जो शिकलेला आहे, अशांनाच मत असे. गरीब मजुराला कोण विचारणार? मग आपला देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिने २१ वर्षांच्या प्रत्येक माणसाला मत दिले. गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, जातपात काही पाहिले नाही.

पहिली लोकसभेची निवडणूक १९५१-५२ साली झाली. १७ कोटींच्या वर मतदार होते. पुष्कळांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चित्र. पण एक वाईट झाले. उत्तरेकडच्या पुष्कळ बायकांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. म्हणून सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली.

पुढे संसदेने घटनेत ६१ वी दुरुस्ती केली. २८ मार्च १९८९ पासून २१ ऐवजी १८ व्या वर्षी मत मिळू लागले. तरुण मुले आता शिकलेली आहेत, त्यांना देशाचे बरेवाईट कळते, असे कारण होते.

पण १८ पुरी झाली म्हणून मत आपोआप मिळत नाही. यादीत नाव पाहिजे. त्यासाठी ६ नंबरचा फॉर्म भरतात. पूर्वी १ जानेवारीलाच वय मोजत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात.

आमच्या ताईला यंदा अठरा पुरी झाली. काका म्हणाले, "आता लगीन करायचंच हाय, सासरी गेल्यावर घालू नाव." ताई म्हणाली, "नाव माझं हाय, मी आत्ताच घालणार." गुरुजी म्हणाले की लग्नानंतर पत्ता बदलून मिळतो. मग ताईने फॉर्म भरला, फोटो लावला. काका काही बोलले नाहीत. मला वाटते ताईचे बरोबर आहे.

तुमच्या घरात कोणाला अठरा पुरी झाली असतील तर नाव यादीत आहे का, ते आजच विचारा. आपल्याला अजून आठ वर्षे थांबायचे आहे.

– इयत्ता ४ थी