दोन काय? मीटर की मिलिमीटर?

बेल्ह्याच्या जवळच, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावी एक महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिचे नाव जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत.

या दुर्बिणीला डोळा लावून काही दिसत नाही. ३० तबकड्यांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या, तर त्या ४३५ होतात. प्रत्येक जोडीकडून आकडे येतात. त्यांतून आकाशाचे चित्र तयार करतो तो संगणक, आणि ते कसे करायचे हे त्याला सांगते आज्ञावली.

आता एक लहानशी आज्ञावली पाहू : तरंगलांबी = ३०० ÷ वारंवारता. वारंवारता १५० दिली, की उत्तर २ येते. दोन काय? मीटर. पण वारंवारता मेगाहर्ट्‌झमध्ये असेल तरच! कोणी तीच वारंवारता १,५०,००० किलोहर्ट्‌झ अशी दिली, तर उत्तर येईल ०.००२, म्हणजे मीटरचे झाले मिलिमीटर! संगणक मात्र तक्रार करणार नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याला एकक ठाऊक होते, पण ते त्याच्या डोक्यातच राहिले. खऱ्या आज्ञावलीत तर अशा हजारो ओळी असतात.

म्हणूनच आज्ञावलीसोबत माहितीपुस्तिका हवी. अमेरिकेत १९७८ साली 'एआयपीएस' हा आज्ञावलीसंच तयार होऊ लागला. जीएमआरटीची निरीक्षणे अभ्यासणाऱ्यांनीही तो वापरला. त्याच्या पुस्तिकेचे नावच मुळी 'कुकबुक', म्हणजे पाककृतींचे पुस्तक! त्यात केळ्याच्या खऱ्याखुऱ्या पाककृतीही आहेत.

चांगल्या नोंदींचे फळ केवढे असते पाहा. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाची पाहणी केली. जपून ठेवलेली ती निरीक्षणे दुसऱ्याच शास्त्रज्ञांनी नव्या आज्ञावलीने तपासली आणि २०१७ साली सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. कोणता आकडा कशाचा, हे लिहिलेले नसते, तर तो साठा निव्वळ आकड्यांचा ढीग ठरला असता.

तुम्ही आज्ञावली लिहाल, तेव्हा चार गोष्टी नोंदवा : ती काय करते, एकके कोणती, काय गृहीत धरले आहे आणि उत्तर माहीत असलेले एक उदाहरण. मग ती मित्राला द्या. तुम्हाला काहीही न विचारता त्याला तेच उत्तर मिळाले, तर तुमची नोंद पुरी झाली.