मालमत्तेवर टाच आली, तर दाद कोठे मागायची?

वाशिम, प्रतिनिधी - 'ईडीने मालमत्ता जप्त केली' अशी बातमी आली, की ती मालमत्ता सरकारची झाली, असा सर्वसाधारण समज होतो. तो बरोबर नाही. वाशिम जिल्ह्यातील महिला उत्कर्ष प्रतिष्ठानाशी संबंधित प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने २०२२ मध्ये मुंबईतील नरिमन पॉइंट येथील सुमारे पावणेचार कोटी रुपयांच्या कार्यालयावर आणलेली टाचही तात्पुरतीच होती. टाच आलेली मालमत्ता विकता वा हस्तांतरित करता येत नाही. ती सरकारजमा मात्र विशेष न्यायालयाच्या आदेशानेच होते.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ नुसार तात्पुरती टाच जास्तीत जास्त १८० दिवस टिकते. टाच आणल्यापासून ३० दिवसांत 'ईडी'ला दिल्लीतील न्यायनिर्णय प्राधिकरणापुढे तक्रार दाखल करावी लागते. प्राधिकरण नोटीस काढते आणि उत्तरासाठी किमान ३० दिवस देते. हाच टप्पा निर्णायक असतो. मालमत्ता कोणत्या उत्पन्नातून घेतली, हे येथे दाखवावे लागते. खरेदीखत, बँकेचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, शेतीचे उत्पन्न असल्यास सातबारा व बाजार समितीच्या पावत्या तेव्हाच सादर करणे हिताचे ठरते. आरोपी नसलेल्या, पण मालमत्तेवर हक्क सांगणाऱ्या व्यक्तीलाही येथे बाजू मांडता येते.

प्राधिकरणाने टाच कायम केल्यास आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. त्यानंतरचे अपील ६० दिवसांत उच्च न्यायालयात करता येते. तेथे आणखी ६० दिवसांपलीकडे सवलत नाही. वाशिमच्या रहिवाशाला त्यासाठी नागपूर खंडपीठाकडे जावे लागते. केवळ अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज आवश्यक असतो.

टाच कायम झाली, तरी अंतिम आदेशापूर्वी ताबा घेणे हा अपवाद असावा, नियम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ रोजी विजय मदनलाल चौधरी खटल्यात स्पष्ट केले. मूळ गुन्ह्यातूनच निर्दोष सुटका झाल्यास मनी लाँडरिंगचा आरोपही टिकत नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ नुसार पोलिसांनाही पोलिस अधीक्षकांच्या मंजुरीने गुन्ह्यातील मालमत्तेवर टाच आणण्याची मागणी न्यायालयाकडे करता येते. तेथे नोटिशीला उत्तर देण्याची मुदत अवघी १४ दिवस आहे. त्यामुळे नोटीस कोणत्या कायद्याखाली आली, हे पहिल्याच दिवशी पाहणे आवश्यक ठरते.